सॅम्पलर आणि संगणक : ध्वनिनमुन्यांच्या विनिमयाचा इतिहास (१९७९–२००२)

१. विषयप्रवेश

एखाद्या वाद्याचा किंवा कंठाचा आवाज अंकरूपाने स्मृतीत साठवून तो पेटीच्या पट्ट्यांवरून निरनिराळ्या स्वरांत वाजविणारे जे विद्युत्-वाद्य, त्यास सॅम्पलर म्हणतात. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत लोकप्रिय संगीताचे व चित्रपटसंगीताचे ध्वनिरूप पालटून टाकण्यात या वाद्याचा वाटा मोठा आहे. या वाद्याला संगणक जोडून त्यातील ध्वनी संगणकावर आणणे आणि संगणकावर संस्कारिलेला ध्वनी पुन्हा वाद्यात पोचविणे, या व्यवहाराचा इतिहास हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

हा इतिहास बहुधा वेगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. आधीची तार मंद होती, नंतरची जलद झाली, आणि शेवटी तारेची गरजच उरली नाही, असा त्याचा सारांश दिला जातो. हा सारांश खोटा नव्हे. परंतु तो अपुरा आहे. दोन यंत्रांमधील विनिमय हा भाषिक व्यवहारासारखाच संकेतांवर चालतो, आणि संकेताने जे सांगण्याची सोयच ठेवलेली नसते ते वाहन कितीही जलद असले तरी पलीकडे पोचत नाही. वेगाचा प्रश्न दहा-बारा वर्षांत बव्हंशी सुटला. पलीकडे काय पोचते, हा प्रश्न मात्र शिल्लक राहिला आणि त्या काळातील ध्वनिसंग्रहांच्या जतनाच्या रूपाने तो आजही समोर उभा आहे.

आरंभीच एका शब्दाविषयी खुलासा आवश्यक आहे. इंग्रजी परिभाषेत ध्वनिलहरीच्या एका क्षणाच्या मापाला आणि अशा हजारो मापांनी बनलेल्या संपूर्ण आवाजाला एकच शब्द योजिला जातो. येथे पहिल्यास ‘माप’ व दुसऱ्यास ‘ध्वनिनमुना’ असे म्हटले आहे.

२. एकत्र जन्म आणि विभक्ती

सॅम्पलर आणि संगणक हे मूळचे दोन पदार्थच नव्हेत. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे पीटर व्होगेल व किम रायरी यांनी १९७९ साली सिद्ध केलेले फेअरलाइट सीएमआय हे यंत्र स्वतःच एक संगणक होते. त्याला पडदा होता, टंकफलक होता, आठ इंची फ्लॉपी तबकड्या होत्या आणि प्रकाशलेखणीने पडद्यावर लहरीची आकृती रेखाटण्याची सोयही होती. मापे ८ बिटांची असत आणि प्रत्येक स्वरमार्गास १६ किलोबाइट स्मृती असे. ध्वनी जेथे साठवला जाई तेथेच तो पाहता येई व दुरुस्तही करता येई. साहजिकच एकीकडून दुसरीकडे ध्वनी नेण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. मात्र या यंत्राची किंमत सामान्य संगीतकाराच्या आवाक्याबाहेर होती.

किंमत उतरविण्यासाठी निर्मात्यांनी या यंत्रातील संगणकाचा दृश्य भाग काढून टाकला. अमेरिकेतील ई-म्यू या संस्थेचा इम्युलेटर १९८१ साली बाजारात आला, त्याची दुसरी आवृत्ती १९८४ साली आली. त्याच सुमारास एन्सॉनिक या संस्थेचे मिराज हे वाद्य १,६९५ डॉलरांत मिळू लागले. मिराजमध्ये ध्वनी साठविण्याची शक्ती होती; पण तो दाखविण्यासाठी अवघी दोन अंकांची प्रकाशपट्टी होती आणि तिच्यावरील आकडे षोडशमान पद्धतीचे असत. ध्वनिनमुन्याचा आरंभ कोठे करावा, त्याचे आवर्तन कोठून कोठपर्यंत घ्यावे, हे नाजूक निर्णय वादकाला लहर न पाहता, केवळ आकडे चाचपडत घ्यावे लागत. आवर्तनाची जागा किंचित चुकली तरी दर फेरीस खट् असा आवाज येई. थोडक्यात, वाद्य स्वस्त झाले ते आंधळे होऊन. पुढील वीस वर्षांचा इतिहास हा या वाद्याला गेलेली दृष्टी परत मिळवून देण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे.

पहिला प्रयत्न खाजगी पुलाचा होता. इम्युलेटरच्या दुसऱ्या आवृत्तीला आरएस-४२२ जातीचे एक द्वार ठेवलेले होते, आणि १९८४ साली आलेल्या मॅकिंटॉश संगणकालाही त्याच जातीची द्वारे होती. या योगाचा फायदा घेऊन पीटर गॉचर व इव्हान ब्रूक्स यांच्या डिजिडिझाइन या संस्थेने १९८५ साली साउंड डिझायनर हा कार्यक्रम प्रसिद्ध केला. त्याची किंमत ९९५ डॉलर होती. वाद्यातील ध्वनी संगणकाच्या पडद्यावर लहरीच्या रूपाने दिसू लागला. तो कापता, जोडता व पुन्हा वाद्यात धाडता येऊ लागला. परंतु हा पूल एका निर्मात्याच्या वाद्यापुरता होता. वाद्यांच्या प्रत्येक घराण्यासाठी संगणकाने नवी बोली शिकावी, अशी ही अवस्था होती.

३. लिपीने आवाज वाहण्याचा प्रयोग

सर्व घराण्यांना समजणारा एक संकेत तोवर अस्तित्वात आलेला होता. डेव्ह स्मिथ व इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने, आणि अमेरिकी व जपानी निर्मात्यांच्या सहमतीने, १९८३ साली मिडी हा संकेत प्रचारात आला. तथापि मिडीची योजना ध्वनी वाहण्यासाठी झालेली नव्हती. कोणती पट्टी दाबली, किती जोराने दाबली, केव्हा सोडली, एवढेच तो सांगतो. स्वरलिपीत चीज उतरविता येते, गायकाचा गळा उतरविता येत नाही. मिडीचे स्वरूप नेमके असेच आहे. त्याची गती दर सेकंदास ३१,२५० बिट, आणि प्रत्येक बाइटामागे आरंभाचा व शेवटाचा एकेक बिट धरता दर सेकंदास ३,१२५ बाइट इतकी आहे. एक पट्टी दाबल्याची वार्ता तीन बाइटांची, म्हणजे एका मिलिसेकंदाहूनही कमी वेळाची असल्यामुळे वादनाला ही गती पुरेशी होती.

या लिपीच्या वाटेनेच आवाज नेण्याचा प्रमाणसंकेत १९८६ साली मान्य झाला. त्यास सॅम्पल डंप स्टँडर्ड असे नाव आहे. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. मिडीमध्ये प्रत्येक बाइटाचा पहिला बिट ‘ही आज्ञा आहे की सामग्री’ हे सांगण्यासाठी राखलेला असतो. त्यामुळे सामग्रीच्या बाइटात सातच बिट मावतात. १६ बिटांचे एक माप पाठविण्यास दोनाऐवजी तीन बाइट लागतात. अशा १२० बाइटांचे एक पुडके बांधले जाते, आणि आरंभखूण, क्रमांक, पडताळा-अंक व अंत्यखूण मिळून ते १२७ बाइटांचे होते. प्रत्येक पुडक्यानंतर घेणारे यंत्र उत्तर देते. ‘पोचले’, ‘पुन्हा पाठवा’, ‘थांबा’ आणि ‘रद्द करा’ अशी चारच उत्तरे या संवादात आहेत. एकच तार जोडलेली असेल आणि उत्तर येण्याची सोयच नसेल, तर पाठविणारे यंत्र २० मिलिसेकंद वाट पाहते आणि पुढचे पुडके धाडते.

या व्यवहाराचा हिशेब मांडणे उद्बोधक ठरते. सेकंदास ४४,१०० मापे या गतीने घेतलेला, १६ बिटांचा, एका सेकंदाचा एकमार्गी ध्वनी म्हणजे १,१०३ पुडकी होत. ती पाठविण्यास सुमारे ४५ सेकंद लागतात. उत्तरांचा वेळ धरता सुमारे ४७. एकेरी तारेवर दर पुडक्यामागे वाट पाहावी लागल्याने तोच काल ६७ सेकंदांच्या घरात जातो. दुतर्फी संवाद एकतर्फी निरोपापेक्षा जलद ठरावा, ही गोष्ट वरवर विपरीत वाटते. परंतु ‘पोचले’ हा होकार मिळाला की थांबण्याचे कारण उरत नाही, एवढाच तिचा अर्थ आहे. अकाई या जपानी संस्थेच्या १९८८ सालच्या एस-१००० या वाद्याची मूळ स्मृती २ मेगाबाइटांची, म्हणजे जेमतेम २४ सेकंदांच्या एकमार्गी ध्वनीची होती. तेवढा ध्वनी या मार्गाने नेण्यास सुमारे १८ मिनिटे हवीत. तीच स्मृती वाढवून ३२ मेगाबाइट केली, तर हा काल पावणेपाच तासांजवळ जातो.

वेगाचा हा दोष सर्वांच्या लक्षात आला. दुसरा दोष तितकासा चर्चिला गेला नाही. प्रत्येक ध्वनिनमुन्याच्या आधी एक प्रस्तावना पाठविली जाते. तीत नमुन्याचा क्रमांक, मापातील बिटांची संख्या, दोन मापांमधील काल, एकूण लांबी आणि आवर्तनाच्या दोन सीमा व प्रकार एवढ्याच गोष्टी असतात. मूळ प्रमाणसंकेतात ध्वनिनमुन्याच्या नावाला जागा नाही. तो कोणत्या पट्टीवर वाजावा, हे सांगण्याचीही सोय नाही. उजवा व डावा असे दोन मार्ग असलेला ध्वनी परस्परांशी संबंध नसलेले दोन नमुने म्हणून जातो. इतकेच नव्हे, तर मापनगती सुद्धा अगदी नेमकी पोचत नाही. तीऐवजी दोन मापांमधील काल पूर्ण नॅनोसेकंदांत सांगावा लागतो. ४४,१०० या गतीला तो काल २२,६७५.७ इतका येतो. २२,६७६ असे लिहिले, तर पलीकडे गती ४४,०९९.५ निघते; २२,६७५ असे लिहिले, तर ४४,१०१.४. कानाला हा फरक कळणार नाही. पण पाठविलेली संख्या आणि मिळालेली संख्या एक नाहीत, हे खरे.

४. जलद वाट, जुनी अडचण

वेगावर उपाय सापडला तो संगीताच्या बाहेर. संगणकाला चुंबकीय तबकड्या जोडण्यासाठी निघालेला आणि १९८६ साली अमेरिकेत राष्ट्रीय प्रमाण म्हणून प्रसिद्ध झालेला स्कझी हा संकेत आठ बिट एकाच वेळी, समांतर तारांनी वाहतो. त्याची कागदोपत्री कमाल गती सेकंदास ५ मेगाबाइट, म्हणजे मिडीच्या दीड हजार पटींहून अधिक होती. त्याच वर्षी आलेल्या मॅकिंटॉश प्लसला हे द्वार मुळातच होते. एस-१००० ला ते स्वतंत्र पट्टी बसवून मिळे. १९९० च्या एस-११०० मध्ये ते अंगभूत झाले.

स्कझीची शिस्त मात्र कडक होती. एका तारेवर ० ते ७ या क्रमांकांची आठच उपकरणे राहू शकत आणि दोघांना एक क्रमांक चालत नसे. तारेच्या दोन्ही टोकांना, आणि फक्त टोकांनाच, समापक जोडावा लागे. तो मध्ये पडला वा टोकाला राहून गेला की सामग्री बिघडे. साध्या जातीच्या तारेची एकूण लांबी ६ मीटरांच्या आत ठेवावी लागे, तर मिडीची तार १५ मीटरपर्यंत चाले. संगणक व सॅम्पलर यांनी एकच तबकडी सामायिक वापरावयाची म्हटल्यास आणखी एक धोका होता. स्कझी ही केवळ वाट आहे. तबकडीवर काय कसे मांडले आहे, हे ती कोणालाच सांगत नाही. सॅम्पलरने आपल्या पद्धतीने मांडलेली तबकडी संगणकाला कोरी किंवा बिघडलेली वाटे, आणि ती नव्याने आखण्याची तयारी तो दाखवी. मालकाने अनवधानाने होकार दिला की सारा संग्रह पुसला जाई.

म्हणून या जलद वाटेवरही एका भाषेची गरज होती. ती भागविण्यासाठी पीव्ही या अमेरिकी संस्थेने एसएमडीआय, म्हणजे स्कझीवरून संगीतसामग्रीच्या विनिमयाचा संकेत, पुढे आणला. कर्झवाइल व ई-म्यू यांच्या वाद्यांनी तो स्वीकारला. जुन्या प्रमाणसंकेताच्या उणिवांपैकी काहींची जाणीव त्यात दिसते. नमुन्याच्या नावाला त्यात जागा मिळाली, मार्गांची संख्या सांगता येऊ लागली, मूळ स्वराचा उल्लेखही आला. परंतु अनेक नमुने पट्ट्यांवर कसे वाटले आहेत, हलक्या व जोरदार आघाताला कोणता नमुना वाजावा, फिल्टर कसा चालावा, हे त्याच्याही आवाक्याबाहेर राहिले. शिवाय बाजारात ज्यांचा प्रसार फार मोठा होता त्या अकाईच्या वाद्यांनी आपला स्वतंत्र संकेतच चालू ठेवला. परिणामी वाट एक झाली. बोली एक झाली नाही.

५. नावाचे प्रयोजन

ध्वनी पोचला आणि नाव राहिले, तर बिघडले कोठे, असा प्रश्न कोणी विचारू शकेल. त्याचे उत्तर एस-१००० च्या अंतर्रचनेत मिळते. या वाद्यात ध्वनिनमुना ही एक नोंद आणि ‘प्रोग्रॅम’ ही दुसरी. पट्ट्यांची वाटणी, आघाताचे स्तर, फिल्टरची मूल्ये हे सारे प्रोग्रॅममध्ये असते, आणि प्रत्येक पट्टीसमूहास कोणता नमुना वाजवायचा हे तेथे त्या नमुन्याच्या नावाने लिहिलेले असते. दोन मार्गांच्या ध्वनीचे दोन अर्ध भाग नावाच्या शेवटी येणाऱ्या आडव्या रेघेने व एल् किंवा आर् या अक्षराने ओळखले जातात. म्हणजे नाव ही बाहेरून चिकटविलेली चिठ्ठी नसून, रचनेतील संबंध दाखविणारा प्रत्यय आहे. मराठी वाक्यातील शब्द तसेच ठेवून विभक्तिप्रत्यय काढून टाकले तर शब्द ऐकू येतील, कर्ता कोणता व कर्म कोणते हे कळणार नाही. केवळ नमुने मिळालेल्या वाद्याची स्थिती तशीच होते. आवाज सर्व आहेत. वाद्य मुके आहे.

नावांची लिपीही स्वतंत्र होती. एस-१००० मध्ये नाव बारा चिन्हांचे असे आणि त्यासाठी ४१ चिन्हांचा संच होता. ० ते ९ या क्रमांकांना अंक, १० ला रिकामी जागा, ११ ते ३६ या क्रमांकांना रोमन मोठी अक्षरे, आणि त्यापुढे चार चिन्हे अशी त्याची मांडणी होती. संगणकांच्या सर्वमान्य वर्णसंचात रोमन पहिल्या अक्षराचा क्रमांक ६५ आहे. येथे तो ११. ही किल्ली ज्याला ठाऊक नाही त्या कार्यक्रमाला अकाईच्या तबकडीवरील नावे निरर्थक चिन्हांची रांग दिसतात. छोटी अक्षरे नाहीत, स्वरचिन्हे नाहीत. रोमनखेरीज दुसऱ्या लिपीचा तर प्रश्नच नाही. मृदंग असो की शहनाई, तिला बारा रोमन अक्षरांत मावावे लागे.

६. पुनर्मीलन आणि उरलेला हिशेब

नव्वदीच्या दशकात संगणकावरील ध्वनिनोंदींची दोन रूपे रूढ झाली. ॲपलचे एआयएफएफ १९८८ चे. मायक्रोसॉफ्ट व आयबीएम यांचे वेव्ह १९९१ चे. दोन्हींत सॅम्पलरसाठी खास कप्पे आहेत. पहिल्यात मूळ स्वर, त्याची वरची व खालची सीमा आणि आवर्तने लिहिता येतात. दुसऱ्यात मूळ स्वर व आवर्तनांबरोबर दोन मापांमधील काल नॅनोसेकंदांतच लिहावयाचा आहे. मापनगती त्याच नोंदीत अन्यत्र पूर्णांकाने दिलेली असताना हा काल पुन्हा येतो, ही जुन्या मिडी प्रमाणसंकेताच्या कुळाची खूण म्हणावी लागेल. प्रचारातून गेलेला प्रत्यय एखाद्या अव्ययात टिकून राहावा, तसा हा प्रकार आहे.

यानंतर वाट बदलत गेली. १९९८ साली आलेल्या आयमॅक या संगणकात स्कझी नव्हती आणि फ्लॉपीही नव्हती. तिची जागा यूएसबीने घेतली. त्याच वर्षी अकाईने पुढे आणलेल्या एस-५००० व एस-६००० या वाद्यांनी आपली जुनी नोंदपद्धती सोडून वेव्ह नोंदी स्वीकारल्या. २००२ च्या झेड-४ व झेड-८ या वाद्यांत संगणकाशी यूएसबीने बोलण्याची सोय होती. परंतु तोवर खुद्द सॅम्पलरच संगणकात परतू लागला होता. गिगासॅम्पलर (१९९८), ईएक्सएस-२४ (२०००) आणि कॉन्टॅक्ट (२००२) हे कार्यक्रम संगणकाच्या आतच सॅम्पलरचे काम करू लागले. १९७९ साली एकत्र जन्मलेली आणि किमतीपायी विभक्त झालेली दोन अंगे अशा रीतीने पुन्हा एक झाली.

पुनर्मीलनाने विनिमयाचा प्रश्न मिटला असे वाटणे स्वाभाविक होते. तो मिटला नाही, याची साक्ष जुन्या फ्लॉपी देतात. अकाईच्या फ्लॉपीवर १,०२४ बाइटांचे खंड असून तिची धारणाशक्ती सुमारे ८०० किंवा १,६०० किलोबाइट असते. संगणकाच्या नेहमीच्या फ्लॉपीवर ५१२ बाइटांचे खंड असतात. यूएसबीने जोडावयाचे फ्लॉपीवाचक ठरावीक मोजक्या मांडण्याच ओळखतात. अकाईची मांडणी त्यांत बसत नाही. ती वाचण्यास अंगभूत फ्लॉपी-नियंत्रक असलेला जुना संगणक किंवा तबकडीवरील चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपणारे खास उपकरण लागते. एवढे करून सामग्री हाती आली तरी प्रोग्रॅमचे भाषांतर उरतेच. इम्युलेटरच्या दुसऱ्या आवृत्तीतील फिल्टर अखंड विद्युत्-प्रवाहावर चालणारा, एस-१००० चा अंकगणिताने चालणारा. दोन्हींत एकच आकडा लिहिला तरी ऐकू येणारा परिणाम एक नसतो. कार्यक्रम आकडा वाचतो. त्या आकड्याचा मूळ वाद्यातील अर्थ त्याला अदमासाने बसवावा लागतो.

यातून संग्रहकर्त्यांसाठी एक व्यावहारिक बोध निघतो. जुन्या सॅम्पलरमधील ध्वनी वेव्ह नोंदींत उतरविले म्हणजे संग्रह सुरक्षित झाला, ही समजूत घातक आहे. त्या कृतीत जे जाते ते बहुतेक वेळा अपरिवर्तनीय असते. नावे, जोड्या, पट्ट्यांची वाटणी आणि आघाताचे स्तर ही त्या संगीतकाराची खरी रचना होय. मूळ तबकडीची खंडशः संपूर्ण प्रत आधी, आणि ध्वनींचे रूपांतर नंतर, हा क्रम पाळला गेला पाहिजे. शक्य असेल तेथे वाद्य चालू असतानाच त्याचे प्रत्यक्ष वादनही ध्वनिमुद्रित करून ठेवावे. कारण फिल्टरच्या आकड्याचा अर्थ सांगणारा अखेरचा जाणकार ते वाद्यच असते.

समारोप करावयाचा तर असे म्हणता येईल की, १९८६ चा प्रमाणसंकेत मंद होता म्हणून मागे पडला, हे खरे असले तरी तो टिकला तेवढा टिकला तो त्याच्या अल्पभाषितेमुळे. सर्व घराण्यांना मान्य होईल इतकेच त्याने बोलावयाचे ठरविले, आणि म्हणून परस्परांची बोली न जाणणारी यंत्रे त्याच्याद्वारे बोलू शकली. सर्वांना समजणाऱ्या भाषेची ही नेहमीचीच किंमत आहे. ती दूरवर जाते, पण घरातले फार थोडे बरोबर नेते. जे मागे राहिले ते काय होते, याची नोंद ठेवणे हे इतिहासाचे काम आहे. आणि तबकड्यांवरील चुंबकीय लेप झिजत असताना ते काम फार काळ लांबणीवर टाकता येण्याजोगे नाही.